हाडाचं बटण

टाउनो कांगासच्या घरात शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट लागे, आणि त्यात ओळीनं उभ्या बंदुका. साऱ्या एकाच जातीच्या. एके काळी जर्मन शिपायांच्या खांद्यावर मिरवलेल्या रायफली. लढाई हरल्यावर कुणीतरी त्यांच्या नळ्या आतून कोरून गुळगुळीत केल्या, छऱ्यांच्या बंदुका बनवल्या आणि सशांच्या शिकारीसाठी अमेरिकेत स्वस्तात विकल्या. खऱ्या शौकिनांना त्या नकोशा.

"ना धड शिपाई, ना धड शिकारी," त्याचा दोस्त डेल्बर्ट म्हणायचा. "अरे, तू काय अनाथाश्रम काढलायस?"

टाउनो हसून वेळ मारून न्यायचा. सेल्माला मात्र हसू येत नसे. लग्न झाल्यापासून ती बघत आली होती. नवी बंदूक हातात आली की तो नळी बघत नसे, चाप ओढून बघत नसे. आधी त्याचा अंगठा लाकडी दस्त्याच्या उजव्या अंगाला जायचा. तिथं पलटणीची लोखंडी चकती असायची. अंगठा चकतीवर टेकला की त्याचा चेहरा उतरायचा. तरी तो ती बंदूक घ्यायचाच.

त्याच्या बापाच्या बंदुकीला ती चकती नव्हती. तांब्याची खाण बंद पडली, घरात खायचे वांधे झाले, तेव्हा बापानं ती टपालानं मागवली होती. चकती कधीच गळून गेलेली, नुसतं गोल भोक. थोरल्या भावाला, अर्मासला, ते भोक बघवेना. त्यानं आईच्या थंडीच्या कोटाचं वरचं बटण कापलं आणि तिथं घट्ट बसवलं. हाडाचं, पिवळसर बटण. आई चिडली, "मेल्या, आता गळ्याशी काय लावू मी?" आणि सबंध हिवाळा तिनं कोटाला टाचणी लावली. त्या हिवाळ्यात अर्मासनं आणलेल्या सशांवरच घर जगलं.

मार्चमध्ये तो गोठलेल्या तळ्यावर गेला आणि बर्फ खचला. बंदूक काठावर सापडली, बर्चच्या बुंध्याला नीट टेकवून ठेवलेली. अर्मास सापडला तो बर्फ वितळल्यावर. त्याआधीच बापानं बंदूक एका फिरत्या व्यापाऱ्याला देऊन टाकली होती. ती घरात बघणं त्याला सोसवेना.

हे सारं एकट्या सेल्माला ठाऊक. रोज संध्याकाळी प्रार्थनेत ती गेलेल्यांची नावं घेई, तेव्हा कधीही न पाहिलेल्या या दिराचंही घेई. डेल्बर्टला टाउनोनं कधी सांगितलं नाही. जुन्या बंदुकांच्या बाजारात तशी रीतच होती. काय शोधतोस ते तोंडातून काढायचं नाही. काढलंस की किंमत चढते, किंवा दुसराच कुणी आधी पळवतो.

यंदा टाउनोच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. डाव्याचीही हिवाळ्याच्या आत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. "ती बंदूक एकदा डोळ्यांनी दिसायला हवी गं," एवढंच तो सेल्माला म्हणाला. म्हणून ऑक्टोबरात गावच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरला, तेव्हा ती त्याचा हात धरून घेऊन गेली.

डेल्बर्ट आपल्या टेबलामागून ओरडलाच. "या म्हातारबा! वहिनी, याला आधी खुर्चीत बसवा, नाहीतर पडेल." आणि त्यानं टेबलाखालून एक लांब गाठोडं काढलं. "विकायची नाही ही. तुझ्यासाठी आहे. तुझे डोळे गेले तरी आमची दोस्ती नाही जायची, समजलास?"

घोंगडीतून बंदूक निघाली. दस्ता तेल पिऊन चमकत होता, नळी निळीकाळी. टाउनोचा अंगठा सवयीनं उजवीकडे गेला. थंड लोखंड.

"लागली ना हाताला?" डेल्बर्ट फुशारला. "अस्सल पलटणीची आहे चकती! तीन बाजार पालथे घातले तिच्यासाठी. एका म्हातारीच्या गोठ्यात मिळाली ही बंदूक, तुमच्या त्या तळ्याच्या पलीकडे. आणि कुणा येड्यानं काय करून ठेवलं होतं सांगू? चकतीच्या जागी बटण! कोटाचं! मी म्हटलं, टाउनोला द्यायची तर नीट करूनच द्यायची."

सेल्मानं हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

"बटण कुठंय?" टाउनोनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"कसलं बटण? ते होय! उकरताना तुटलं रे. दिलं शेगडीत टाकून. का?"

टाउनोचा अंगठा त्या चकतीवरच फिरत राहिला. डेल्बर्टच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू मावळू लागला. "काय रे? आवडली नाही का?"

"आवडली." टाउनोनं बंदूक मांडीवर घेतली. "इतकी वर्षं मी हीच शोधत होतो."

"बघा वहिनी!" डेल्बर्टनं टेबलावर थाप मारली. "म्हटलं नव्हतं मी? याच्या मनातलं मला बरोबर कळतं!"

सेल्मानं मान डोलावली.

घरी आल्यावर तिनं सासूच्या बटणांचा डबा काढला. त्या कोटाची उरलेली चार बटणं त्यात होती, तशीच पिवळसर. तिनं त्यांतलं एक त्याच्या तळहातावर ठेवलं. "ती चकती काढून हे बसवू या?"

त्यानं ते बटण चाचपलं, डाव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिलं आणि तिला परत दिलं.

"हे आईचं आहे," तो म्हणाला. "अर्मासनं बसवलेलं ते एकच होतं."

त्यानं ती बंदूक कपाटात ठेवली नाही. दाराशी नेली आणि भिंतीला नीट टेकवून उभी केली, बाहेर गेलेलं कुणी परत येऊन उचलेल तशी. मग खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला. दिसत होतं तोवर बघत राहिला.

त्या संध्याकाळी प्रार्थनेत अर्मासचं नाव आलं तेव्हा सेल्माचा आवाज अडला. मागून टाउनोनं ते नाव पुरं केलं.