नहरीच्या पाण्यातला बिननावाचा जीव

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, पश्चिमेच्या खिडकीखाली, एका पायाखाली विटेचा तुकडा घेऊन उभा आहे. तुमच्या घरच्या फ्रीजच्या पोटात दूध असतं, भाजी असते, आंब्याचा रस असतो. माझ्या पोटात मात्र बारीक काचनळ्या आणि त्यांत वाढणारे जिवाणू. रसाची चव मला कधी कळली नाही. पण जीव सांभाळायचं काम वाट्याला आलं, ही देवाचीच कृपा म्हणायची.

नवा होतो तेव्हा मुलं उगाच दार उघडून गार वारा तोंडावर घ्यायची. पुढं रंग उडाला, दाराचं रबर उसवलं आणि माझी मोटार घरघरू लागली. विभागप्रमुख आप्पासाहेब म्हणत, "म्हातारा पुन्हा खोकायला लागला. काढा रे याला भंगारात!"

माझं कौतुक एकट्या कडूबा मामांना. ते प्रयोगशाळेचे शिपाई, राहणारे हर्सूलचे. देवळात सप्ताह बसला की कीर्तनाला पहिल्या रांगेत. सकाळी गुणगुणत मला पुसायचे आणि म्हणायचे, "खोकतोय म्हणत्यात. आमच्या कानाला तर ही वीणा लागती."

माझ्यात नळ्या ठेवायच्या मेहरुन्निसा मॅडम. शहराच्या जुन्या नहरीचं पाणी जमिनीखालून गारच गार वाहत येतं, आणि मोहल्ल्यातल्या बायका तेव्हा नहरीच्या कुंडातून ते प्यायला भरून नेत. त्या पाण्यात कोण कोण राहतं, त्यातलं कोण गरीब आणि कोण पोट बिघडवणारं, हे मॅडमना शोधायचं होतं. पाण्याचे थेंब त्यांनी जिवाणूंच्या अन्नावर पसरले. ओळखीचे पुष्कळ उगवले. एक फिकट केशरी ठिपका मात्र कुणाच्याच ओळखीचा निघेना. मॅडमनी त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तऱ्हेतऱ्हेच्या साखरा खाऊ घातल्या, शेवटी पुण्याहून त्याची जनुकं वाचून आणली.

"मॅडम, लागला का पत्ता? कुणाच्या घरचं हाय लेकरू?" मामांनी विचारलं.

"घराणं कळलं, मामा. पण त्या घराण्यात याच्यासारखा दुसरा कुणीच नाही. नवाच आहे बेटा!"

"मग नाव ठिवा की."

"असं घरच्या घरी नाही ठेवता येत. दोन वेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत तो नळीतून जिवंत द्यावा लागतो. उद्या कुणी म्हणालं, दाखवा, तर दाखवता यायला हवा."

"म्हंजी बारशाला लेकरू जित्तं पायजे."

"एवढंच बघा, मामा. जिवंत पाहिजे."

गार पाण्यातलाच जीव तो. उकाडा त्याला सोसत नसे. पहिल्यांदा पाठवलेल्या नळ्या वाटेतच तापल्या आणि त्यातलं काही उगवलं नाही. उरला तो माझ्या मधल्या फळीवर, नव्या नळ्यांत हळूहळू वाढत होता. दसऱ्याची सुट्टी संपली की बर्फाच्या डब्यात घालून मॅडम स्वतः त्याला संग्रहात नेणार होत्या. सोयगावला बहिणीकडं निघताना त्यांनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'दार उघडू नये.'

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडं शिंपी मशीन बंद ठेवतो, गिरणीवाला पट्टा उतरवतो. वर्षभर राबणाऱ्या हत्याराला विसावा आणि पूजा. मामांनी तराजू पुसला, सूक्ष्मदर्शक पुसला, मग माझ्यापाशी आले. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, डोकं टेकवलं.

"लई राबतोस बाबा. आज तुला बी इसावा."

आणि त्यांनी बटण बंद केलं. जाताना खोलीला कुलूप लावलं.

मित्रांनो, मी ओरडणार कशानं? आवाज होता तो मोटारीचा, तोच गेला होता. खिडकीतून ऊन आलं, उसवलेल्या रबरातून ऊब शिरली. कपाळावर कुंकू, गळ्यात हार, आणि पोटातलं लेकरू तापत होतं. कीर्तनात अशा वेळी देव धावत येतो, असं मामांकडून ऐकलं होतं. मी दाराकडं कान लावून राहिलो. सुट्टी संपेपर्यंत कुणी आलं नाही.

मॅडम आल्या त्या दारातच थबकल्या. खोली गप्प होती. त्यांनी नळ्यांतला अंश ताज्या अन्नावर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. केशरी ठिपका उगवलाच नाही.

"मी दार नाय उघडलं हो, मॅडम," मामा म्हणाले. "चिठ्ठी वाचली व्हती."

"माहीत आहे, मामा. बटणाचं लिहायचं मीच विसरले."

"पण झालं काय?"

मॅडम म्हणाल्या, "मामा, सप्ताहात वीणा खाली ठेवता का हो?"

"छ्या! एकाच्या गळ्यातनं काढायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. सप्ताह उठंस्तवर भुईला टेकवायची नाय..."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या बटणावर गेली, आणि ते तिथंच फरशीवर बसले. मॅडमही शेजारी बसल्या.

पुढं मॅडम पुन्हा पुन्हा कुंडावर गेल्या. तोवर कुंडात जंतुनाशक पडू लागलं होतं. लोकांच्या तब्येतीला ते बरंच झालं. पण तो मात्र परत सापडला नाही. त्याच्या जनुकांचा कागद आहे, नाव नाही.

मित्रांनो, मामांइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही, म्हणून हे सांगताना जीव तुटतो. ज्याच्यावर माया कराल, त्याला काय लागतं ते आधी विचारा. तो मुका असेल, तर जाणत्याला विचारा.

पुढच्या खंडेनवमीला मामा आले. हळदकुंकू लावलं, डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. बटणाच्या बाजूला हात नेला नाही, उलट दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

"वाजत ऱ्हा बाबा," म्हणाले.

मी वाजत राहिलो. माझ्या थरथरीनं ते फूल हलत होतं. मधली फळी रिकामी होती.