आतून कडी

चंचलने फ्लॅटचे फोटो पाचव्यांदा मोठे करून बघितले. सोफा होता, चहाची किटली होती, खिडकीत समुद्राची निळी रेघ होती. निजायच्या खोलीचं दार मात्र एकाही फोटोत धड दिसत नव्हतं. एका फोटोत अर्धं होतं, काचेचं, सरकवायचं, कपड्यांच्या दुकानात असतं तसं. त्याला आतून कडी आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. तिने अजून मोठं केलं. नुसते चौकोनी ठिपके उरले.

पुढच्या सोमवारी इस्तंबूलला जायचं होतं. सुरतच्या मार्केटमध्ये ललितभाई शेठच्या ऑफिसात ती सहा वर्षं पंचिंग करत होती. साडीवर मशीन जे भरतकाम करतं, त्यातला एकेक टाका आधी कॉम्प्युटरवर बसवावा लागतो, ते काम. तिकडे मशीनचं प्रदर्शन होतं आणि नव्या मशीनवर तिचीच डिझाइनं चालवून बघायची होती, म्हणून शेठ तिला नेत होता. पाच दिवस.

आधी सगळं सरळ होतं. शेठ दुसऱ्या हॉटेलात राहणार होता आणि तुझं हॉटेल तूच शोध म्हणाला होता. चंचलने दोन आठवडे ते शहर मोबाइलवर पालथं घातलं. केवढं ते शहर! मधून समुद्र गेलेला, अर्धं युरोपात, अर्धं आशियात. कुठला भाग बायांना बरा, मेट्रोपासून किती चालायचं, एकट्या राहिलेल्या पोरींनी काय लिहिलंय, सगळं तिने वाचलं. शेवटी दोन बहिणी चालवतात असं एक छोटं हॉटेल तिने पक्कं केलं. खाली चोवीस तास माणूस, खोलीला आतून कडी आणि वर साखळीसुद्धा.

ते तिच्या बापाला कळलं.

बाप हिलाल सुरतजवळ पलसाण्याला, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. त्याच्या डोक्यात हॉटेल म्हणजे दोनच. एक भजी मिळतात ते, दुसरं पोलीस धाड घालतात ते. खानदेशातला माणूस परगावी गेला की माणसाच्या घरी उतरतो. धुळ्यात मावसा, नाशकात साडू, कल्याणला गाववाला. जिथे आपलं कुणीच नाही असं गाव त्याच्या हिशेबात नव्हतं. चार दिवस त्याने फोन लावले, इस्तंबूलमध्ये कुणी खानदेशी आहे का म्हणून. कुणी नव्हतं. मग त्याने सरळ शेठला फोन केला.

"भाई, पोर एकली हॉटेलात नको. लोकं नावं ठेवतील. तुमच्या नजरेखाली ठेवा."

"अरे काका, ए तो मारी दीकरी जेवी छे," शेठ म्हणाला. पोर म्हणजे आपली लेकच.

दुसऱ्या दिवशी दोन्ही हॉटेलं रद्द झाली आणि दोघांना मिळून हा एक फ्लॅट आला. शहरापासून लांब, एका सोसायटीत, खाली ना माणूस ना रजिस्टर. लोकांच्या तोंडाला भिऊन बापाने स्वतःच्या हाताने पोरीच्या दाराची कडी काढून दिली, आणि वर पोर परदेशी निघाली म्हणून गल्लीभर पेढे वाटले.

त्या दिवशी शेठ चंचलच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. सहा वर्षांत असा कधी उभा राहिला नव्हता. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "हवे तो तारा पप्पाए ज कह्युं छे." आता तर तुझ्या पप्पांनीच सांगितलंय. आणि हसला. वाईट असं तो काहीच बोलला नव्हता. सांगणार काय आणि कुणाला?

तिला अर्चना आठवली. तिच्याआधी त्याच कॉम्प्युटरवर बसायची. शेठबरोबर एकदा दिल्लीला जाऊन आली आणि आठ दिवसांत नोकरी सोडली. आता कामरेजला घरीच शिवण करते. चंचलने फोन लावला.

"अर्चनाताई, मला भाई इस्तंबूलला नेतायत."

"अरे वा. जा की."

"एकाच फ्लॅटमध्ये राहायचंय."

तिकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"भाई चांगला माणूस आहे," अर्चना म्हणाली. पाठ केलेलं म्हणावं तशी.

"ताई..."

"खोलीला आतून कडी आहे का बघ. एवढंच सांगते. आणि माझं नाव कुठे घेऊ नको, माझ्या घरात माहीत नाही." फोन कट झाला.

तेव्हापासून चंचल ते अर्धं दार बघत होती. पासपोर्टही तिच्याकडे नव्हता. विसाच्या कामासाठी म्हणून शेठने घेतला होता, तो त्याच्या टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

"काय बघी ऱ्हायनी एवढं?" तिची आई उषाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

चंचलने फोटो दाखवला. आईने पिठाचा हात पदराला पुसला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. सोफा बघितला नाही, समुद्र बघितला नाही.

"दारले कडी शे का?"

चंचलला रडू फुटलं. मग सगळं बाहेर आलं, खुर्ची, ते हसणं, अर्चना.

उषाबाईचं तव्याकडे लक्ष राहिलं नाही. भाकरी करपली. "आम्ही सुरतले नवा उनूत," ती म्हणाली, "तुन्हा बाप रातपाळीले जाये. खोलीले कडी नव्हती. बाजूले सात एकला माणसं. मी दारले पाटा लाईसन निजू. दोन वरीस." दाराला दगडी पाटा लावून निजायची, हे नवऱ्याला तिने पंचवीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

नवरा दारातच उभा होता.

"भाई तसा माणूस नही," हिलाल म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. "मी पेढा वाटी बसनू. लोकंसले काय सांगू?"

"सांगा, पेढा गोड व्हतात," उषाबाई म्हणाली. "चाल वं चंचल."

दोघी मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. ऑफिसात शेजारच्या कॉम्प्युटरवर रुपाली होती, एकवीस वर्षांची, नवीच लागलेली. तिने हेडफोन काढून हात हलवला.

"आवो आवो मासी," शेठ म्हणाला. "चा मंगावुं?"

"चहा नको भाई. पोरीचा पासपोर्ट द्या."

"ए तो एजंट पासे छे." तो तर एजंटकडे आहे म्हणे.

"दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे," चंचल म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली.

शेठने तिच्याकडे बघितलं. तेच डोळे, पण हसू नव्हतं. मग तो मराठीत आला. मार्केटात राहून त्याला ती चांगली येत होती, गरज पडेल तेव्हा.

"हिलालकाकांनीच हात जोडले होते माझ्यासमोर. आता संशय माझ्यावर?"

"त्यांनी जोडले. मी नाही जोडले." उषाबाई ऑफिसच्या उंबऱ्यातच बसली, पाय पसरून. "बसते मी. तुमचे व्यापारी येतील. विचारतील, मावशी का बसली? मी सांगेन."

बाहेर गाठोडी वाहणारे दोन हमाल थांबले. शेठने त्यांच्याकडे बघितलं, मग ड्रॉवर ओढला. पासपोर्ट टेबलावर आपटला.

"मार्केटमां हवे तने कोण राखे छे, ते हुं जोऊं छुं." तुला आता कोण कामावर ठेवतो तेच बघतो.

ती धमकी खोटी नव्हती. इथे सगळे शेठ एकमेकांचे व्याही नाहीतर भागीदार. रिक्षात चंचलने पासपोर्ट ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मागून कुठलीही गाडी आली की ती वळून बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुपालीचा फोन आला.

"चंचलदीदी, रागावू नको हं. तुझ्या जागी भाई मला नेतायत! माझा पासपोर्ट तयारच होता ना. विसा भाईंचा एजंट घाईने करून देतो म्हणे. मी म्हटलं मी हॉटेल शोधते, पण पप्पांनी भाईंना फोन केला. म्हणाले, एकटी हॉटेलात नको, तुमच्या..."

"नजरेखाली ठेवा," चंचल म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

स्वयंपाकघरात उषाबाईचा हात थांबला. खाटेवर हिलाल उठून बसला. रुपालीला सावध केलेलं शेठला कळलं तर सुरतेत कुठेच काम मिळणार नाही, हे घरात तिघांनाही माहीत होतं. अर्चनासारखं एक वाक्य बोलून फोन ठेवता आला असता.

"रुपाली, तुझे पप्पा घरी आहेत?"

"आहेत. का गं?"

"फोन स्पीकरवर टाक. त्यांना पण ऐकू दे. आणि माझं नाव घ्यायचं असेल तर खुशाल घे."