कडेनं बघायचं

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघून बोलणं सोडलं, त्याला दोन महिने होत आले होते. मी बोलायला लागले की साहेबांची नजर माझ्या कानावर. कानात नवीन काही घातलंय म्हणावं, तर तेही नाही. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला बायकोचं तोंड नकोसं झालंय, असा मी सरळ अर्थ काढला आणि धाकट्या बहिणीला फोन लावला. "चार दिवस येते गं तुझ्याकडे. चाराचे किती होतील, ते मात्र विचारू नकोस."

ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, मी घरी शिवणाचे क्लास घेते. दिवसभर हे लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात आणि संध्याकाळी गच्चीत दुर्बिणीला डोळा लावून बसतात. त्या दिवशी दिवेलागणीनंतर मी बॅग भरली आणि तरातरा गच्चीत गेले. जायच्या आधी काय तो सोक्षमोक्ष लावायचा होता.

"आलीस? बरं झालं," हे माझ्या कानाला म्हणाले. "ये, ग्रहीय तेजोमेघ दाखवतो."

"मला ग्रहबिह काही बघायचे नाहीत."

"नुसता नावात ग्रह आहे गं, ग्रहाशी काडीचा संबंध नाही. म्हातारा झालेला तारा अंगावरचा वायू सोडून देतो, त्याचा ढग."

"म्हातारपणी जवळचं सगळं सोडूनच द्यायचं असतं वाटतं," मी म्हटलं. टोमणा ह्यांच्या डोक्यावरून गेला. चरफडतच मी डोळा लावला. मधोमध एक तारा, बाकी अंधार.

"सुईत दोरा ओवणारे डोळे आहेत माझे. इथे ढगबिग काही नाहीये."

"सरळ बघतेयस म्हणून. इतका फिका उजेड डोळ्याच्या मधल्या भागाला दिसत नाही, कडेला दिसतो. ताऱ्याच्या जरा बाजूला बघ."

बघितलं. आणि अगं बाई! ताऱ्याभोवती हिरवट, धुरकट गोळा उगवला. हरखून नीट बघायला गेले तर गायब, नुसता तारा. बाजूला बघितलं की पुन्हा हजर. राग विसरून मी हसायलाच लागले.

"अहो, हा तर डोळा मारतोय मला!"

"मलाही मारायचा," हे म्हणाले. "आता नाही मारत. आता सारखा दिसतो."

"ते का बरं?"

हे जरा माझ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "मधलं गेलंय माझं. दोन्ही डोळ्यांचं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं, म्हणून आता सगळं कडेनंच बघतो. चष्मेवाल्यानं हे सांगायचं कुणाला?"

"कुणाला म्हणजे? मला!" माझा आवाज चढला. "आणि मी खुळी, खाली बॅग भरून बसलेय!"

"बॅग? कशाला?"

"तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही म्हणून!"

हे चकितच झाले. "अगं, तोंडच तर बघत असतो. सरळ बघितलं की तू जातेस. कानाकडे बघितलं की येतेस."

मग मात्र मला रडू आवरेना. किती जीव आहे ह्या माणसावर माझा, आणि मी काय काय बडबडले होते बहिणीपाशी! "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं, मी बरोबर येणार," एवढंच कसंबसं म्हटलं.

"रडतेयस का?" ह्यांनी विचारलं आणि बघायला म्हणून मान आणखी थोडी दुसरीकडे वळवली.

मी जागची हलले नाही. म्हटलं, बघा, किती बघायचंय ते.