दिपोटीसाहेबांची चिंबोरी

सारसोळ्याच्या शाळेत जमुनाआत्या टोपल्या विणायला शिकवायला लागली, तेव्हा कुठं सात पोरी शाळेत आल्या. आयांचा हिशोब साधा: टोपली शिकवताय ना, मग जाऊ दे. टोपलीच्या नादानं पोरी बाराखडीसुद्धा गिरवायला लागल्या.

मग बांबू चिरताना त्यातल्या चंदाच्या अंगठ्याला कोयता लागला. पनवेलहून दिपोटीसाहेबांचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांचा, हुकूम आला: शाळेत कोयता बंद, बांबू बंद.

वामन मास्तरांचा चेहरा पडला. "आत्या, संपलं. पोरी उद्यापासून घरी."

"कागूद बंद लिवलाय?"

"नाही."

"मंग कपाट उघडा."

कपाटात दहा वर्षांची परिपत्रकं वाळवीची वाट बघत पडलेली. आत्यानं लांब पट्ट्या पाडायला लावल्या. चार घड्या घातल्या की एकेक पट्टी बांबूच्या कामटीसारखी ताठ. सगळ्यात आधी साहेबांचा तो हुकूमच उभा फाडून बुडाला घातला. वर होडीला लावतात ती राळ, तेलात उकळून, दोन हात.

महिन्यानं साहेब तपासणीला आले. टोपलीला बोटानं टिचकी मारली नि हसले. "खेळणी! हा हस्तव्यवसाय नव्हे. तास बंद."

पोरी आत्याकडं बघायला लागल्या. आत्या पदर खोचत साहेबांच्या समोरच उभी राहिली.

"सायेब, दर खेपेला चिंबोरी नेता ना? आज या खेल्न्यातून न्या. टोपली फाटली तर सोमवारी तासाला मीच कुलूप लावन."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. आत्यानं डझनभर जिवंत चिंबोरी टोपलीत सोडली, वर ओलं फडकं बांधलं.

"अगं, नांग्या तरी बांध!" मास्तर कुजबुजले.

"कशाला? सायेबांना खात्री नको?"

साहेब सायकलला टोपली बांधून खडबडीत रस्त्यानं पनवेलला गेले. तीन दिवस पोरी पनवेलच्या रस्त्याकडं डोळे लावून बसल्या. आत्या मात्र नव्या पट्ट्या पाडत बसलेली.

सोमवारी साहेब आले. हात रिकामे, तोंड आंबट.

"टोपली कुठं, सायेब?"

"घरी." साहेब खाली बघत म्हणाले. "मंडळी देत नाहीत. कांदे भरलेत त्यात."

पोरी फिदीफिदी हसल्या. साहेब कडाडले, "आणि बुडाला माझी सही! सरकारी हुकूम फाडलात?"

"फाडला कुठं? कामाला लावला. सगला भार त्यानंच उचलला."

साहेबांनी रागानं पेन काढलं. आत्यानं लगबगीनं कोरा ताव पुढं सरकवला.

"लिवा, सायेब, नवा हुकूम लिवा. जरा लांब लिवा. पोरींना कागूद कमी पडतोय."

साहेबांनी सात पोरींकडं पाहिलं. एकीनंही मान खाली घातली नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.