पितळी पाटीचे चार स्क्रू

फिटरने पहिला स्क्रू अर्धा बाहेर काढला आणि मागून पावलांचा आवाज आला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला आणि पाटीच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला, उन्हाने दमलेल्या म्हाताऱ्यासारखा.

बसडेपोत त्याने जन्मभर गंजलेले नट सोडवले होते. हे चार स्क्रू म्हणजे त्याच्या हातचा मळ. पाटी खाली येणार होती आणि मग तो ती बागेच्या ऑफिसातल्या टेबलावर आपटणार होता. पाटीवर लिहिलं होतं की हा पर्जन्यवृक्ष शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका पाहुण्या राजपुत्राने स्वहस्ते लावला. 'स्वहस्ते' वाचलं की त्याचं डोकं नव्याने फिरे.

राजपुत्राचं झाड वाळवीने पोखरलं होतं आणि कैक वर्षांपूर्वीच एका वादळात आडवं झालं होतं. बागेच्या मुकादमाला घाम फुटला. नोकरी जाईल म्हणून त्याने रोपवाटिकेत काम करणाऱ्या फिटरच्या बायकोचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. तिच्याकडे त्याच झाडाच्या बीचं रोप होतं, पुरुषभर उंचीचं. तिने ते त्याच खड्ड्यात लावलं आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. वरचे साहेब काही वर्षं ऑफिसातून उठलेच नाहीत. उठले तेव्हा त्यांच्या डोक्यावर सावली पडली. सावली आहे म्हणजे झाड आहे, असं समजून ते परत गेले.

"राजपुत्राने चांदीचं फावडं आणलं होतं म्हणे," ती हसून सांगायची. "माझं आपलं खुरपं."

उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशीही ती बादल्या घेऊन निघायची. फिटर चिडवायचा, "निघाली राजाची सून." संध्याकाळी झाडाची पानं मिटली की ती घरी यायला निघे. घड्याळ तिने कधी वापरलंच नाही. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने मात्र तिला घड्याळच दिलं, आणि तेही दोन महिन्यांत बंद पडलं.

ती गेल्यावर तो ऑफिसात गेला होता. शब्द तिचा होता, म्हणून झाडाचं नाव काढलं नाही. बागेत कुठेतरी तिच्या नावाची छोटी पाटी लावा, एवढंच म्हणाला. कारकून म्हणाला, "काका, झाडं कामगारच लावतात. सगळ्यांची नावं लिहायला बसलो तर झाडांपेक्षा पाट्या जास्त होतील." आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. ते हसणं फिटरला गिळता आलं नव्हतं. मुकादम कधीच वारला होता. आता शब्द कुणासाठी पाळायचा?

पावलं जवळ आली. बागफेरीची मंडळी होती. टोप्या, दुर्बिणी, पाण्याच्या बाटल्या. पुढे चिखलाने माखलेले बूट घातलेली तरुण गाईड होती.

"वरच्या फांदीवर बघा, धनेशाची जोडी आहे," ती म्हणाली. "आणि हे झाड म्हणजे आपल्या बागेचा मानाचा वारसा. एका राजपुत्राने स्वतःच्या हाताने..."

"खोटं आहे," फिटर म्हणाला.

सगळ्या दुर्बिणी खाली आल्या.

"काय खोटं, काका?" गाईडने विचारलं.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात वाटेच्या वळणावरून एक इंजिनिअर आला. त्याच्यामागे रंगाचा डबा घेतलेला माणूस होता. त्या माणसाने अगदी शेजारच्या झाडावर ब्रश फिरवला. लाल फुली. रंगाचा एक ओघळ मुळांपर्यंत गेला. फिटरने वाटेकडे नीट पाहिलं. सगळ्या रांगेवर फुल्या होत्या.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"गाड्या लावायला जागा करताहेत," गाईड हळू आवाजात म्हणाली. "बागेत यायला लोकांना गाड्या आणाव्या लागतात ना, म्हणून बाग तोडायची. शंभर वर्षांच्या आतलं सगळं जाणार. आम्ही खूप भांडलो. हे एकच वाचलं, या पाटीमुळे."

इंजिनिअर झाडापाशी थांबला होता. त्याने वरपासून खालपर्यंत बुंधा पाहिला.

"काका काहीतरी खोटं म्हणत होते," तो म्हणाला. "मला पण हे शंभरचं वाटत नाही. मधोमध आलंय, नकाशा वाकडा करावा लागतोय याच्यासाठी. बोला काका, काय खोटं आहे? तुमचं म्हणणं मी वर कळवतो."

वर कळवतो. तो ऑफिसात गेला होता तेव्हा कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. फिटरने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर मुठीत धरला. त्याची मान लाल झाली होती. रंगवाला ब्रश डब्याच्या काठावर निथळवत उभा होता.

"पाटी अर्धवट आहे," फिटर शेवटी म्हणाला.

"म्हणजे?"

"लावलं राजपुत्रानेच. माझा आजा होता तिथे. चांदीचं फावडं होतं, सांगायचा." त्याचा आवाज चढला. "पण राजपुत्र दुसऱ्या दिवशी गेला बोटीत बसून. पुढे उन्हाळे आले ते? पाणी कोणी घातलं? गुरं कोणी हाकलली? ते नको का लिहायला? एका दिवसाच्या पाहुण्याला पितळ, आणि जन्मभर राबणाऱ्याला काय?"

मंडळींपैकी कुणीतरी हसलं. इंजिनिअरने घड्याळ पाहिलं.

"एवढंच ना," तो म्हणाला, आणि रंगवाल्याला पुढच्या झाडाकडे जायची खूण केली.

गाईड मात्र हलली नाही. "कोणी घातलं, काका?"

फिटरने बुंध्याकडे पाहिलं.

"असेल कोणी माळीण," तो म्हणाला.

मंडळी तळ्याकडे गेली. उतरत्या उन्हात वरची पानं एकेक करून मिटत होती. अर्धवट निघालेला स्क्रू पाटीबाहेर डोकावत होता. फिटरने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तो स्क्रू पुन्हा आत बसवला. मग उरलेले तिन्ही तपासले. एक सैल निघाला.

"धड बसवताही येत नाही मेल्यांना," तो पुटपुटला, आणि हात दुखेपर्यंत आवळत राहिला.