तुळशीरामचा सहावा रिसीव्हर

१९७१ चा डिसेंबर. जबलपुरातल्या एका कारखान्यात नीलकंठराव परीक्षक होते. रिसीव्हर म्हणजे रायफलचे सगळे भाग ज्यात बसतात ती पोलादी पेटी. तिच्यावर नीलकंठरावांचा ठप्पा पडल्याशिवाय ती पुढं सरकत नसे. बावीस वर्षांत त्यांचा एकही ठप्पा परत आला नव्हता. घरी भाजीच्या मिठावरून वाद झाला, तरी ते शेवटी याच मुद्द्यावर येत.

सकाळी नव्या नमुन्याचे पहिले सहा रिसीव्हर आले. आतला डावा कोपरा भरीव, त्यामुळे मापाचं गेज बसेना. नीलकंठरावांनी सहाही परत धाडले. पोलाद कोरणाऱ्या मिलिंग यंत्रावरच्या तुळशीरामनं जुन्या नमुन्यासारखा कोपरा कोरून दिला. गेज बसलं, ठप्पा पडला, आणि हे सहा चोपन्न जुन्यांबरोबर ग्रीस माखून खोक्यात गेले.

दुपारी एकला परिपत्रक आलं. नव्या नमुन्याचं पोलाद वेगळं आहे. कोपरा भरीवच ठेवावा, कोरल्यास गोळी झाडताना तडकेल. परिपत्रक वेळेवरच निघालं होतं, फक्त पोचलं नव्हतं.

ट्रक दोनला सुटणार होता. नीलकंठरावांनी खोकं उघडवलं आणि ग्रीसमध्ये बोट घातलं. जुन्यांचा कोपरा गोल. तुळशीरामच्या कटरचा काटकोनी. एक सापडला. दुसरा. बाहेर हॉर्न वाजू लागला. पाचवा हाती आला तेव्हा दोन वाजून गेले होते. सहावा मिळेना. उरलेले सगळे पुन्हा चाचपले. तरी नाही.

"तुळशीराम, सहावा कुठं आहे?"

तुळशीराम उगाच हात पुसत राहिला. "यातच आहे जी. पाच झाल्यावर वाटलं, काम जरा शोभलं पाहिजे. गोल कटर लावला. आता मलेच ओळखू येऊन नाही राहिला."

फोरमन बापूसाहेब घड्याळ बघत आले. "अहो, एकापायी पंचावन्न काहून अडवून राहिले? तिकडं लढाई चालू आहे. ठप्पा तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे, म्हणून तर. असं करू, बापूसाहेब. यातला कोणताही एक निवडा, त्याची रायफल गालाला लावून झाडा. मग सगळे पाठवतो."

बापूसाहेबांनी खोक्याकडे पाहिलं, गालावरून हात फिरवला, आणि ट्रकवाल्याला खोक्याशिवायच निघायला सांगितलं.

नीलकंठरावांनी छिन्नी घेतली आणि आपल्याच साठ ठप्प्यांवर एकेक फुली मारली.

नामंजुरीच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. त्यांनी बराच विचार केला आणि लिहिलं: काम अतिउत्तम.