मुळात नसलेला शब्द

मी एक शब्द आहे, 'दमले'. एका जुन्या परदेशी कादंबरीच्या मराठी अनुवादात राहतो. आजवर ताठ मानेनं राहिलो, पण आज पायाखालची जमीनच सरकली आहे हो.

माझा जन्म स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतला. बाबा, म्हणजे अनुवादक, मूळ पुस्तक हातात धरून येरझाऱ्या घालत तोंडानं मराठी सांगायचे आणि आई लिहून घ्यायची. मध्येच दूध उतू जायचं, ती धावायची, हात पुसत परत बसायची.

"वाचून दाखवू का?" ती विचारायची.

"काही गरज नाही. सगळं डोक्यात आहे माझ्या."

कादंबरीतली सून दर प्रकरणात सगळ्या घराचं करते आणि शेवटी मला उच्चारते. वाचक माझ्यावर फिदा झाले. बाबांच्या सत्कारातही माझंच कौतुक, त्यामुळे मी चांगलाच फुगलो होतो. वाटायचं, आपण परदेशातल्या कुठल्या तरी बड्या शब्दाचे वारस.

आता नवी आवृत्ती निघते आहे. तिच्यासाठी बाबांच्या लेकीनं मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून मला पानोपान हुडकलं, सापडलो तिथं कागदाची पट्टी घातली. आज जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, मूळ पुस्तकात हा शब्द कुठेच नाही. तिथे ती दर वेळी नुसती हसते."

मी गारच पडलो. कुठेच नाही? मग मी आलो कुठून?

बाबांचा चेहरा पांढराफटक. "मी 'हसली' असंच सांगितलं असणार," ते पुटपुटले आणि आईकडे बघत राहिले.

आई ताटं विसळत होती. "ते मी घातलं. एवढं सगळं करून हसेल कशाला ती?"

"अगं, मला सांगायचंस तरी."

"सांगितलं की, दर प्रकरणात. तुम्ही छापलेलं वाचलंत आणि म्हणालात, काय वाक्य जमलंय मला."

मला वाटत होतं, मी त्या सुनेचा शब्द आहे. मला काय ठाऊक!

लेकीनं पेन्सिल बाबांपुढे सरकवली. "मुळाप्रमाणे करायचं तर हे सगळे खोडावे लागतील. तुम्हीच ठरवा."

बाबांनी ती उचलली; तिचं टोक आता माझ्यावर टेकलंय. बाबा, मुळाशी इमान राखायला हवं, कबूल. पण मला खोडलंत तर आईनं हे म्हणायचं कुठे? घरात तर ती अजून एकदाही म्हणालेली नाही.